गडचिरोलीभर फ्लूचं मॉडेल चालवायचंय, मग आठ कोर, ग्राफिक्स कार्ड की क्लस्टर?

पहिले हे ठरव भाऊ, तुले एकच रन लवकर पाहिजे का बरेच रन पाहिजेत. रन म्हणजे एकेक माणूस वेगळा धरून अख्खी साथ कॉम्प्युटरवर एकदा चालवून पाहणं. गडचिरोली जिल्हा म्हणजे २०११ च्या जनगणनेत १० लाख ७२ हजार लोकं, आजच्या कॉम्प्युटरले ते काही जड नाही. पण मॉडेलमध्ये नशिबाचा भाग असते, त्याच आकड्यांवर साथ एकदा गावातच विझते अन् दुसऱ्यांदा अख्खा तालुका धरते, म्हणून एका रनवर भरवसा नाही, शंभरेक तरी लागतात.

अन् हे शंभर रन एकमेकांले काहीच विचारत नाहीत! समजा एक रन ४० मिनिटांचा, तर एकामागून एक लावले की पावणेतीन दिवस जातात, अन् आठ कोरवर (कोर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्र काम करणारा भाग) आठ-आठ सोडले तर पावणेनऊ तास, म्हणजे रात्री लाव, सकाळी चहाले पाहा. कोड बदलायचा नाही, फक्त दर रनले सीड, म्हणजे नशिबाचे आकडे जिथून सुरू होतात तो नंबर, वेगळा दे. रॅम मात्र मोज, एक रन दीड जीबी खात असला तर आठ रन १२ जीबी खातीन.

क्लस्टरवर, म्हणजे एकमेकांले जोडलेल्या बऱ्याच कॉम्प्युटरवर, एमपीआयनं (कोरांनी एकमेकांले निरोप धाडायची पद्धत) एकच रन वाटायचा म्हटलं की डोकेदुखी सुरू. बारा तालुके बारा कोरले दिले, साथ चामोर्शीत भडकली, मग भामरागडवाला कोर हातावर हात ठेवून बसते. त्यात बाजाराच्या दिवशी माणसं इकडून तिकडे, तेवढे निरोप कोरांनी एकमेकांले द्यायचे. कापूस वेचाले कितीही बाया लावा, काटा एकच असला तर मोजाईले रांग लागतेच. कामाचा ५ टक्के भाग असा एकट्यानं करायचा असला तर हजार कोर लावूनही वेग २० पटीच्या वर जात नाही, कॉम्प्युटर बनवणाऱ्या जीन अॅमडालनं हे १९६७ मध्येच सांगून ठेवलं.

ग्राफिक्स कार्ड सुसाट, पण एनव्हिडियाच्या कार्डात ३२ थ्रेड (कामाचे बारीक धागे) एका तालात चालतात, एक आजारी माणसाच्या वाटेनं अन् बाकीचे बऱ्याच्या वाटेनं गेले की दोन्ही वाटा आलटून-पालटून चालवाव्या लागतात. कोड नव्यानं लिहायचा तो वेगळाच. अन् मे महिन्यात आपल्या इकडे लॅपटॉपचं कार्ड तापून आपोआप हळू होते बाप्पा.

पूर्ण महाराष्ट्र घ्यायचा, २०११ च्या जनगणनेत सव्वाअकरा कोटी माणसं, दर माणशी २०० बाइट धरले तरी एका रनले साडेबावीस जीबी रॅम, तेव्हा क्लस्टर शोध. गडचिरोलीसाठी आठ कोरचा डेस्कटॉप घे अन् उरलेल्या पैशात चांगला यूपीएस, नाहीतर सातव्या तासाले लाइन गेली की चालू असलेले आठही रन गेले.