पिवळा दिवा पेटला, गाडी कुणाकडे न्यायची?

"दाजी, मीटरवर नळाच्या तोटीसारखं काहीतरी पिवळं पेटलंय. सर्व्हिस सेंटरला टाकू, की तुमच्या वारज्याच्या गॅरेजवाल्याकडे नेऊ?"

मेहुण्याचा हा फोन चांदणी चौकातून आला. मागे हॉर्न वाजत होते, म्हणजे पठ्ठ्या चालवता चालवताच बोलत होता. आधी त्याला गाडी बाजूला घ्यायला लावली. दिवा पिवळाच ना, लाल नाही? तापमानाचा काटा मध्यावर आहे? कसला वेगळा आवाज, धूर, वास? ॲक्सिलरेटर दाबल्यावर गाडी ओढते का? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं बरी आली. चौथ्याला म्हणाला, "चढाला दम नाही धरत." म्हटलं, सावकाश घरी ये, आधी कोड वाचू (बिघाड पकडला की गाडीचा कंप्युटर जो नंबर नोंदवतो तो), कुणाकडे न्यायची ते मग ठरवू.

ऑइलच्या किटलीचा किंवा तापमानाचा लाल दिवा असता तर हा सगळा लेखच गैरलागू होता. तिथे इंजिन बंद करायचं आणि टोइंग बोलवायचं, विषय संपला. फोक्सवॅगन-स्कोडाच्या डिझेल गाड्यांत स्प्रिंगसारखा पिवळा दिवा असतो. तो गाडी चालू असताना लुकलुकायला लागला, तर तोही इंजिनाच्या बिघाडाचाच समजायचा. बाकी साध्या स्थिर पिवळ्या दिव्याला बहुतेक वेळा एक-दोन दिवसांची सवड असते. ती सवड कशी वापरायची, एवढाच प्रश्न उरतो.

आधी कोड वाचायचा हे मी पैसे मोजून शिकलोय. माझ्या स्वतःच्या गाडीचा दिवा पहिल्यांदा पेटला तेव्हा ती वॉरंटीत होती, पण सर्व्हिस सेंटरची तारीख चार दिवसांनंतरची मिळत होती. कंटाळा केला आणि ऑफिसच्या वाटेवरच्या एका गॅरेजात शिरलो. त्याने स्कॅनर लावला, दोन बटणं दाबली, "एरर उडवली साहेब" म्हणाला आणि तीनशे रुपये घेतले. चौथ्या दिवशी नवले पुलाजवळ दिवा परत हजर. पुन्हा उडवली, पुन्हा तीनशे. शेवटी सर्व्हिस सेंटरला गेलो तेव्हा ॲडव्हायझर म्हणाला, "सर, मेमरीत काहीच सापडत नाही. दिवा पुन्हा लागला की घेऊन या." त्याची चूक नव्हती. कोडसोबत गाडी एक नोंद ठेवते, तिला फ्रीझ फ्रेम म्हणतात. बिघाड पकडला त्या क्षणी वेग किती होता, आरपीएम किती, इंजिन गरम होतं की थंड, लोड किती, हे सगळं त्यात असतं. कोड उडवला की हेही पुसलं जातं. सहाशे रुपये देऊन मी पुरावाच नष्ट करून घेतला होता.

म्हणून घरचा डोंगल, ओळखीचं गॅरेज आणि अधिकृत सर्व्हिस सेंटर या तीन पर्यायांची तुलना करताना मी एकच मापदंड लावतो: हा माणूस कोड वाचून पुढे काही तपासतो का?

घरचा डोंगल

स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याच्या वर, सोळा पिनांचं एक सॉकेट असतं. हजार-दीड हजारात मिळणारा ब्लूटूथ डोंगल त्यात खोचला की फोनवर कोड दिसतो. घरात बीपीचं मशीन असावं तसं हे आहे. औषध त्यातून मिळत नाही, पण डॉक्टरकडे आज जायचं की सोमवारी, ते कळतं. अगदी स्वस्तातले डोंगल अर्धवट आकडे दाखवतात किंवा मध्येच तुटतात. एअरबॅग-एबीएसचे कोड साध्या ॲपमध्ये सहसा दिसत नाहीत. धुराच्या फिल्टरमधली काजळी जाळायचा आदेश देणं किंवा नवीन इंजेक्टरचा (इंजिनात डिझेल फवारणारा पार्ट) नंबर भरणं, असली कामं त्याच्याकडून होत नाहीत असंच धरून चाला. आणि तो कायम खोचून ठेवू नका, उभ्या गाडीची बॅटरी खातो.

मेहुण्याच्या गाडीने P0299 दाखवला. म्हणजे टर्बोने (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) जेवढा दाब द्यायला हवा तेवढा मिळत नाही. इथेच लोक फसतात. कोड तक्रार सांगतो, गेलेल्या पार्टचं नाव सांगत नाही. P0299 ला टर्बो जबाबदार असेल, फाटलेला होज असेल, सैल क्लिप असेल, व्हॅक्युमची बारीक नळी असेल. तसंच P0401 म्हणजे "ईजीआर व्हॉल्व्ह गेला" असं नव्हे. ईजीआर म्हणजे जळालेल्या धुराचा थोडा भाग परत इंजिनात फिरवणारी व्यवस्था, तिच्यातून धूर कमी फिरतोय एवढंच. P0380 म्हणजे ग्लो प्लगच्या (थंड डिझेल इंजिन सुरू करताना आत तापणारी कांडी) सर्किटची भानगड. पुण्याच्या हवेत गाडी सहसा तशीही सुरू होते, पगार होईपर्यंत थांबलं तरी चालतं. P0087 मात्र थांबवू नका, तिथे कॉमन रेलमध्ये, म्हणजे इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या नळीत, दाब कमी पडतोय आणि गाडी ओव्हरटेक करतानाच बसू शकते.

स्क्रीनचा फोटो काढून ठेवायचा, फ्रीझ फ्रेमसकट. कोड उडवायचा नाही. बिघाड पुन्हा दिसला नाही तर साधारण तीन फेऱ्यांनंतर (एक फेरी म्हणजे गाडी सुरू करून, चालवून बंद करणं) दिवा आपोआप विझतो, तेव्हा घाई नको.

ओळखीचं गॅरेज

मेहुण्याची गाडी 2018 ची, वॉरंटी कधीच संपलेली, आत फियाटचं 1.3 लिटरचं डिझेल इंजिन. हे इंजिन मारुती, टाटा, फियाट तिघांच्या गाड्यांत बसायचं, इतकं की त्याला गमतीने राष्ट्रीय इंजिन म्हणायचे. आपल्या रांजणगावातही ते बनायचं. पुण्यातल्या पन्नाशीच्या आतल्या कुठल्याही चारचाकीच्या मेकॅनिकने ते निदान डझनभर वेळा उघडलेलं असतं, आणि त्याचे पार्ट नाना पेठेत दुपारच्या चहाआधी मिळतात. अशा गाडीला सर्व्हिस सेंटरला नेण्यात मला अर्थ दिसत नाही.

वारज्याच्या गॅरेजवाल्याने कोडचा फोटो पाहिला, "हं" म्हणाला, आणि स्कॅनरला हातही न लावता बॉनेटखाली वाकला. इंटरकूलरकडे (टर्बोची गरम हवा थंड करणारी जाळी) जाणाऱ्या जाड रबरी होजच्या पोटाखालून त्याने दोन बोटं फिरवली आणि वर काढून आमच्यापुढे धरली. काळी, तेलकट. "दाजी, हे बघा," मेहुण्याचं ऐकून तोही मला दाजीच म्हणतो, "कोरडा पाहिजे हा." क्लिप सैल केल्यावर कडेला बोटभर लांबीची चीर दिसली. हाताने दाबली की मिटायची, ताणली की उघडायची. थांबलेल्या गाडीत होज ठणठणीत, आणि चढावर टर्बोने दाब दिला की तोंड उघडून हवा बाहेर. फ्रीझ फ्रेममध्येही बिघाड चढाला, भरपूर लोडवरच पकडलेला होता, ते जुळलं.

होज, दोन नव्या क्लिपा आणि मजुरी धरून अडीच हजारांच्या आत काम झालं. नंतर आम्ही डोंगल लावून पुन्हा चांदणी चौकाचा चढ चढलो. इंजिन बंद असताना इंजिनात जाणाऱ्या हवेच्या दाबाचा आकडा 95 किलोपास्कलच्या आसपास दिसतो. समुद्रसपाटीला तो 101 असतो, पुणं साडेपाचशे मीटरवर आहे म्हणून इथे कमी, सेन्सर बिघडला समजू नका. आधी पाय दाबूनही जो आकडा 120 च्या पुढे सरकत नव्हता, तो आता दोनशेकडे धावला.

पण ही गॅरेजची उजवी बाजू. डावी बाजू तीनशे-तीनशेची मी वर सांगितलीच. तिसरा प्रकार आणखी महाग पडतो: अंदाजाने एकेक पार्ट बदलत जायचं. "सेन्सर टाकून बघू, नाही झालं तर ईजीआर बघू." हे "बघू" तुमच्या खिशातून चालतं. गॅरेजवाल्याला एकच विचारा, "हाच पार्ट गेलाय हे कसं तपासलंत?" त्याने काहीतरी दाखवलं, निदान बोटाला लागलेलं तेल, तर गाडी सोडा. "अनुभव आहे साहेब" एवढंच उत्तर आलं, तर चावी परत घ्या.

गाडी थंडीत सुरू व्हायला कुरकुरते, काळा धूर, रेल प्रेशरचा कोड, असं असेल तर साध्या गॅरेजपेक्षा पंप-नोझलवाल्यांकडे, म्हणजे डिझेल पंप आणि इंजेक्टर दुरुस्त करणाऱ्यांकडे जा. इंजेक्टरच्या रिटर्नला नळ्या लावून कुठला किती डिझेल परत टाकतो ते ते मोजतात. अर्ध्या तासात चारपैकी दोषी कोण ते कळतं, आणि चारही इंजेक्टर बदलायची वेळ येत नाही.

अधिकृत सर्व्हिस सेंटर

वॉरंटी किंवा एक्स्टेंडेड वॉरंटी शिल्लक असेल तर सरळ इथेच. मी नाही ऐकलं, तुम्ही ऐका. वॉरंटी नसली तरी 1 एप्रिल 2020 नंतरच्या, म्हणजे बीएस-6 डिझेल गाडीला माझा कल इकडेच आहे. त्यात काजळी पकडणारा फिल्टर, म्हणजे डीपीएफ असतो, पुढेमागे तापमानाचे आणि दाबाचे सेन्सर असतात, काही गाड्यांत युरियाचं द्रावणही. अर्धा आजार सॉफ्टवेअरचा असतो, आणि ते अपडेट कंपनीकडेच.

तोटे सगळ्यांना माहीत आहेत. तुम्ही बोलता ॲडव्हायझरशी, गाडी उघडतो दुसराच, आणि दोघांच्या मध्ये तुमची तक्रार "चेक इंजिन लाइट ऑन" एवढ्या चार शब्दांची होऊन जाते. शिवाय तिथे दुरुस्तीपेक्षा अख्खी असेंब्ली बदलण्याकडे ओढा. मेहुण्याने गंमत म्हणून आधी फोनवर विचारलं होतं, तिकडून "टर्बो बघावा लागेल" असं उत्तर आलं होतं. चुकीचं नव्हतं, पण होजपासून सुरुवात करायचं कुणी बोललं नव्हतं. यावर उपाय म्हणजे जॉबकार्डवर स्वतः लिहून घ्या: कोड कुठला, कधी, चढाला की सपाटीला, इंजिन गरम की थंड. आणि "परवानगीशिवाय कोड काढू नये" हेही.

माझ्या गाडीचं त्यांच्याकडेच मिटलं. दिवा तिसऱ्यांदा पेटल्यावर मी तो तसाच जपून नेला. P2463 होता, फिल्टरमध्ये काजळी साचल्याचा. फिल्टरच्या दोन्ही टोकांच्या दाबातला फरक मोजणारा सेन्सर चुकीचा आकडा देत होता, तो वॉरंटीत बदलला, आणि वर्कशॉपमध्येच त्यांच्या मशीनने काजळी जाळली.

डीपीएफचा दिवा असेल तर

सेन्सर हे निमित्त होतं, मूळ दुखणं माझ्या वापरात होतं. कर्वेनगर ते डेक्कन, मुलांची शाळा, परत. हिंजवडीला गेलो तरी निम्मा वेळ दुसऱ्या गिअरमध्ये. डीपीएफमधली काजळी जळायला आत सहाशे अंशांच्या जवळपास तापमान लागतं. गाडी जादा डिझेल टाकून ते गाठते, त्याला दहा-वीस मिनिटं सलग धावणं लागतं. मध्येच पार्किंगमध्ये इंजिन बंद केलं की काम अर्धवट राहतं आणि न जळलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइल खुणेच्या वर गेलेलं दिसलं तर खूश होऊ नका, ते डिझेल आहे. आयडलिंग नेहमीपेक्षा चढं, गाडी थांबवल्यावर पंखा जोरात, गरम वास, ही जाळण्याची प्रक्रिया चालू असल्याची लक्षणं. तेव्हा आणखी दोन चकरा मारा.

फक्त डीपीएफचा दिवा असेल तर हायवे हा सगळ्यात स्वस्त उपाय. सकाळी लवकर सातारा रस्त्याने निघायचं, एक गिअर खाली ठेवून दोन हजारांच्या वर आरपीएम धरायचा. डीपीएफ आणि चेक इंजिन दोन्ही दिवे असतील, गाडी दम धरत नसेल, तर हे करू नका. तेव्हा सर्व्हिस सेंटरचं मशीन, आणि त्यानेही नाही झालं तर फिल्टर काढून साफ करणं.

एक पर्याय तुम्हाला हमखास सुचवला जाईल: "आतली जाळीच काढून टाकू, ट्यूनिंग मारू, कायमची कटकट मिटेल." मलाही सुचवला, तो तीनशेवाल्यानेच. तुलनेत मी तो धरतच नाही. वॉरंटी जाते, कंपनीने दिलेल्या गाडीत असा फेरफार मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये अडकतो, आणि मागच्या दुचाकीवाल्याच्या तोंडात काजळी जाते ती वेगळीच. बीएस-6 गाडीत ऑइलही कमी राखेचं, मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचंच टाका. ओळखीच्या गॅरेजातसुद्धा इथे गफलत होते, डबा बघून घ्या.

आम्ही आता पंधरा दिवसांतून एकदा रविवारी खेड-शिवापूरपर्यंत जाऊन येतो. भेळेचं निमित्त सांगितलं की मुलं सातला उठतात.