युवा कार्य प्रशिक्षण योजना, जॉईन व्हावं का?

डिग्री हातात आहे पण अनुभव नाही म्हणून कुणी उभं करत नाही, अशांसाठी लिहितोय. महाराष्ट्र सरकारची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना (कंपनीत किंवा सरकारी ऑफिसात प्रत्यक्ष काम शिकायचं, वर दरमहा विद्यावेतन) 2024 ला आली, वय 18 ते 35, महास्वयंम या सरकारी रोजगार पोर्टलवर नोंदणी, बारावीवाल्यांना महिना 6,000, आयटीआय-डिप्लोमाला 8,000, ग्रॅज्युएटला 10,000, पैसे थेट खात्यात. प्रशिक्षण आधी 6 महिने होतं, नंतर 11 केलं. माझ्या बहिणीनं बीकॉमनंतर केलं, आणि खरं सांगतो सगळं कुठं लागताय त्यावर आहे, तिला सुरुवातीला नुसतं झेरॉक्स नि फायली लावणं, मग मागेच लागली तेव्हा कुठं टॅली (हिशोबाचं सॉफ्टवेअर) आणि जीएसटीचं काम दिलं, ते मात्र मस्त शिकली. संपल्यावर तिथंच ठेवून घेतील असं अजिबात धरू नका, तशी हमीच नाहीये, आणि माझ्या मते हीच मोठी कमी आहे, सरकारनं हे सुधारायलाच पाहिजे. त्यापेक्षा मुलींची प्रोफेशनल कोर्सची फी माफ केली (ठरलेल्या प्रवर्गांना, उत्पन्न 8 लाखांच्या आत) ते मला जास्त पटलं, फीपायी मधेच कॉलेज सोडणाऱ्या पोरी बघितल्यात. जॉईन व्हाच, पण पहिल्याच दिवशी काम काय देणार ते स्पष्ट विचारा.