कोल्डप्लेची दोन तिकिटं, १९,६६८ रुपये ८२ पैसे आणि फी भरायची लागलेली सवय

हे लिहायला इतके महिने लागले कारण लाज वाटत होती. मी कल्याणला एका पतसंस्थेत कॅशियर आहे, सतरा वर्षं काउंटरवर काढलीत, रोज लाखांची रोकड हातातून जाते आणि आजवर माझी कॅश कधी शॉर्ट आलेली नाही. तरी मी फसले. ऑफिसात कुणाला माहीत नाही, सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही. पण परवा आमच्या बिल्डिंगमधल्या एका मुलीच्या बाबतीत सेम टू सेम प्रकार झाला तेव्हा म्हटलं आता गप्प बसायचं नाही.

कोल्डप्ले या ब्रिटिश रॉक बँडच्या मुंबईतल्या शोच्या तिकिटांची भानगड सगळ्यांना आठवत असेल. २२ सप्टेंबर २०२४, रविवार, दुपारी बाराला विक्री. आम्ही तीन फोन आणि एक लॅपटॉप घेऊन साडेअकरापासून बसलेलो. आधी साइटच पडली, मग रांगेत घेतलं आणि लेकीच्या फोनवर नंबर आला तो लाखांत. डी. वाय. पाटील स्टेडियमचे १८ आणि १९ जानेवारीचे शो संपले, मग २१ चा तिसरा जाहीर केला, तो पण गेला. संध्याकाळी तीच तिकिटं बाहेरच्या साइटवर लाखा-लाखाला. लेक तेव्हा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होती, दहावीपासून त्यांची गाणी ऐकते, ती काही बोलली नाही, नुसती आत जाऊन झोपली. माझ्या डोक्यात तिथूनच बसलं की हिला काहीही करून तिकीट मिळवून द्यायचं. हे आधीच सांगते, कारण नंतर सगळे म्हणतात "एवढं काय अडलं होतं". अडलं होतं माझं.

११ जानेवारी, शनिवार. लेकीच्या कॉलेजच्या ग्रुपवर फॉरवर्ड आला, दोन तिकिटं आहेत, १९ तारखेचं स्टँडिंग, ६,४५० चं एक, फेस व्हॅल्यूलाच, म्हंजे छापील किमतीलाच देतोय, घरात अडचण आली म्हणून. फोन मी केला. समोरचा मुलगा स्वच्छ मराठी बोलणारा, पहिल्या वाक्यापासून "ताई". आजीला ॲडमिट केलंय म्हणाला. तिकिटाचा स्क्रीनशॉट पाठवला, बुकिंग नंबर अर्धा झाकलेला, ॲप स्क्रोल करतानाचा व्हिडिओ पाठवला, न मागता आधार कार्डाचा फोटो पाठवला. (कुणी स्वतःहून आधार पाठवलं तर तिथेच फोन ठेवा. ते आधार दुसऱ्याच कुणातरी बिचाऱ्याचं असतं.)

आणि मग तो म्हणाला, "ताई, कन्व्हिनियन्स फी मी भरलीय, ती तुमच्याकडून घेत नाही, राहू दे."

एवढ्या एका वाक्याने माझा विश्वास बसला. खरं सांगते, हजार रुपये सोडल्यासारखं वाटलं. कारण ऑनलाइन तिकिटावर वरून लावतात त्या फीवर माझा राग जुना आहे. पूर्वी अत्रे रंगमंदिराच्या खिडकीवर जायचं, प्लॅन बघायचा, मधली रांग सांगायची, तो पेन्सिलीने खूण करायचा आणि तिकिटावर छापलेत तेवढेच पैसे द्यायचे. आता तीन तिकिटं ॲपवर काढली की तिकिटामागे ३० रुपये, म्हंजे ९०, वर अठरा टक्के जीएसटी, झाले १०६ रुपये २० पैसे. रांग एक, पेमेंट एक, पण फी तीनदा. यूपीआयवर जानेवारी २०२० पासून दुकानदाराला एमडीआर, म्हंजे पेमेंट घेण्याचा बँकेचा चार्ज, लागत नाही, हे मला कामामुळे माहिती आहे, मग हे कसले पैसे? आणि ही रक्कम दिसते कधी, तर सीट निवडून झाल्यावर, शेवटच्या स्क्रीनवर, वर घड्याळ उलटं पळत असतं. केंद्राच्या ग्राहक प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये डार्क पॅटर्नची, म्हंजे ॲपवर ग्राहकाला फसवायच्या युक्त्यांविरुद्धची, नियमावली काढली, त्यात किंमत अशी टप्प्याटप्प्याने उघड करणं आणि खोटी घाई करणं दोन्ही आहे. कागदावर आहे. पण आपण काय करतो, तोंडातल्या तोंडात पुटपुटत पिन टाकतो. मी पण टाकायचे. दरवेळी. वेगळ्या नावाची फी दिसली की विचारायचं नाही, भरायची आणि पुढे जायचं, हे माझ्या बोटांना पाठ झालेलं होतं आणि त्या चोराला ते माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

तर पहिले ६,४५० ॲडव्हान्स मागितले. त्याने क्यूआर पाठवला. आता पुढचं नीट वाचा. स्कॅन केल्यावर स्क्रीनवर नाव आलं ते त्या मुलाचं नव्हतंच, कुठल्यातरी ट्रेडर्सचं होतं. मी थांबले. थांबले होते मी, खरंच! विचारलं पण, की हे नाव कुणाचं. तो म्हणाला ताई माझी दिवसाची लिमिट संपली, हा मेव्हण्याच्या दुकानाचा क्यूआर आहे. आणि मी बरं म्हणाले.

काउंटरवर एखादे आजोबा येतात, विड्रॉवल स्लिपवर सही जरा वाकडी असते, मी त्यांना परत पाठवते. नावात एक अक्षर इकडेतिकडे असेल तर चेक परत करते. लोक मला खडूस म्हणतात त्याबद्दल. आणि इथे अख्खं नाव वेगळं दिसत होतं, हिरव्या अक्षरात, माझ्या डोळ्यांसमोर, तरी मी पिन टाकला. अजून रात्री झोपताना तो स्क्रीन दिसतो. नाव जुळत नसेल तर पैसे पाठवायचे नाहीत, मेव्हणा असो नाहीतर आणि कुणी, विषय संपला.

अर्ध्या तासाने म्हणाला, अजून दोघे मागे लागलेत, उरलेले पण टाका म्हणजे लगेच तुमच्या नावावर करतो. दुसरे ६,४५० गेले. मग आलं बिल. ॲपच्याच रंगात, ॲपच्याच अक्षरात, "तिकीट ट्रान्सफर फी १,४९९, सीजीएसटी १३४.९१, एसजीएसटी १३४.९१, एकूण १,७६८.८२". तो म्हणतो ताई यात माझं काही नाही, हे कंपनीवाले लावतात, तुम्हाला माहितीच आहे किती लुटतात. मी म्हटलं हो ना. आम्ही दोघांनी मिळून कंपनीला शिव्या घातल्या! मी कॅल्क्युलेटर घेऊन बेरीज तपासली, पैशापर्यंत बरोबर. हिशोब बरोबर आला म्हणून माणूस बरोबर, असं मी धरून चालले. गोल १,८०० मागितले असते तर कदाचित शंका आली असती, ८२ पैशांनी घात केला.

त्यानंतर "नाव बदलण्यासाठी रिफंडेबल डिपॉझिट ५,०००", दहा मिनिटांत परत. भरले. तिकिटाचे गेले होते ना, ते अडकू नयेत म्हणून भरले, आणि अशी माणसं त्यावरच जगतात हे तुम्हाला काय सांगायचं. मग म्हणे सिस्टीममध्ये अडकलंय, आता एकदाच ९,९९९ टाका, सगळं एकत्र परत येईल. तिथे माझा हात थांबला. नाही म्हटलं, माझे परत करा म्हटलं. पाच मिनिटांत डीपी गायब, फोन लागेना. ६,४५० अधिक ६,४५० अधिक १,७६८.८२ अधिक ५,०००. एकूण १९,६६८ रुपये ८२ पैसे. माझ्या पगारात हे किती असतात ते मला विचारू नका.

आणि इथे मी दुसरी चूक केली, जी पहिलीपेक्षा मोठी आहे. शनिवार रात्र आणि अख्खा रविवार मी कुणाला सांगितलं नाही. लाजेने. १९३० ला, म्हंजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन केला सोमवारी, १३ तारखेला. त्यांनी माहिती घेतली, नंबर दिला, पण तोवर पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात जाऊन एटीएममधून काढलेले. होल्ड झाले, म्हंजे खात्यात अडवता आले, ते फक्त २,११० रुपये. पहिल्या तासात कळवलं असतं तर जास्त सापडले असते, हे मला पतसंस्थेतल्या ट्रेनिंगमध्ये शिकवलंय. मी स्वतः त्या ट्रेनिंगची वही भरलीय.

आता पुढची कहाणी. माझी बँक म्हणाली मॅडम पिन तुम्ही टाकलाय, आम्ही काही करू शकत नाही. रिझर्व्ह बँकेचं २०१७ चं सर्क्युलर, कामाच्या तीन दिवसांत कळवलं तर ग्राहकावर बोजा नाही, ते परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारांना आहे, हे मला मान्य आहे, पण निदान लेखी पत्र तरी द्या ना. पुढे कळवायलाही कुणी तयार नाही, ईमेल करा, ईमेल केलं, उत्तर मशीनचं.

पोलीस स्टेशनला गेले तर संक्रांतीनंतर या. १५ ला गेले तर साहेब बाहेर. १६ ला गेले तर पहिला प्रश्न, "ब्लॅकमध्ये घ्यायचंच कशाला?" मी सांगितलं की ब्लॅक नाही, फेस व्हॅल्यूला घेत होते, तर समोरचा हसला. तासभर बाकड्यावर बसवलं, मग म्हणाले खातं दुसऱ्या राज्यातलं आहे, आमची हद्द नाही. अहो, जुलै २०२४ पासून नवीन कायदा आलाय, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असो गुन्हा नोंदवावा लागतो, झिरो एफआयआर म्हणतात त्याला, मी प्रिंट घेऊन गेले होते. त्यांनी ती प्रिंट उलटी करून तिच्या मागे माझा फोन नंबर लिहून घेतला. शेवटी घेतला तो तक्रार अर्ज. अर्ज आणि गुन्हा यात फरक आहे, लक्षात ठेवा, अर्जाचा शिक्का घेऊन लोक खूश होऊन घरी येतात आणि तो अर्ज फायलीत मरतो. चार चकरा, चार हाफ-डे रजा. दरवेळी नवीन माणूस, दरवेळी पहिल्यापासून सांगायचं, आणि दरवेळी तेच, "शिकलेल्या दिसता, मॅडम". पन्नास लाख गेलेले लोक रांगेत आहेत म्हणे, तुमचे वीस हजार. माझे वीस हजार माझेच आहेत ना? होल्डवरचे २,११० सोडवायला कोर्टाची ऑर्डर आणा म्हणाले, वकिलाने ५,००० सांगितले. सोडून दिलं.

वरच्या लेव्हलला पण तेच. तिकिटांच्या काळ्या बाजारावर हायकोर्टात जनहित याचिका होती, ती त्याच जानेवारीत फेटाळली, कायदा करणं विधिमंडळाचं काम म्हणून. विधिमंडळ कधी करणार? आणि कन्व्हिनियन्स फी सिनेमाच्या तिकिटांवर घेऊ नका असे आदेश आपल्या राज्य सरकारने २०१३ आणि २०१४ मध्ये काढले होते, ते जुलै २०२५ मध्ये हायकोर्टाने रद्द केले, धंदा कसा करायचा ते धंदेवाल्याने ठरवायचं, सरकारला तसा कायद्याचा अधिकार नव्हता असं. कायद्याने बरोबर असेल, मी वकील नाही. पण फी राहणार, हे नक्की झालं.

मग ती फी भरावी का? नवरा म्हणतो अधिकृत ॲपवर हजार जास्त गेले तरी चालतील. मी पण आता भरते, पण सोय म्हणून नाही, त्या दिवशी बारा वाजता कसली सोय मिळाली कुणाला? भरते ती बुकिंग नंबरसाठी आणि बिलावर खरा जीएसटी नंबर असतो त्यासाठी, की उद्या १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार करायची तर समोर कुणाचं तरी नाव पाहिजे. नाटकाला मात्र खिडकीवरच जाते. आणि दुसऱ्याच्या नावावरचं तिकीट फुकट मिळालं तरी घेत नाही. अधिकृत विक्रेत्याने तेव्हाच सांगितलं होतं की बाहेरून घेतलेली तिकिटं खोटी निघू शकतात, मी ते वाचलं पण होतं.

लेकीने २६ जानेवारीला अहमदाबादचा शो हॉटस्टारवर बघितला, टीव्हीवर. मला म्हणाली आई तू पण बस. बसले.

परवा ती बिल्डिंगमधली मुलगी रडत आली, कुठल्याशा कॉन्सर्टचं तिकीट, ३,००० गेलेले, आता "व्हेरिफिकेशन फी" मागतायत. क्यूआरवर नाव बघितलं, परत कुठले तरी ट्रेडर्स. तास पण झाला नव्हता. तिथल्या तिथे, गॅस बंद करून, माझ्या स्वयंपाकघरातून १९३० लावला, यूटीआर नंबर, म्हंजे त्या व्यवहाराचा नंबर, मी वाचून दाखवला, ॲक्नॉलेजमेंट नंबर आलाय. तिचं काय होतं ते कळलं की सांगते.