ताशी २०० टनांचा प्लांट, विक्रीला १३० टन

व्यवहार खडीच्या प्लांटचा होता: दगड फोडणारा जॉ क्रशर, तो आणखी बारीक करणारा कोन क्रशर आणि आकारानुसार चाळणारी तीन जाळ्यांची स्क्रीन. विकणाऱ्याने ताशी २०० टन सांगितले आणि चाचणीत बेल्टवरच्या काट्यावर २०० दाखवलेही. पैसे चुकते झाले, प्लांट उभा राहिला, आणि तयार खडी १३० टनांपुढे सरकेना.

काटा खोटा नव्हता. तो कोनखालच्या बेल्टवर बसवला होता, फसवणूक तिथेच होती. कोनमधून निघालेला माल स्क्रीनवर जातो आणि जाळीवर उरलेला जाडा दगड परतीच्या बेल्टने पुन्हा कोनमध्ये येतो. काट्यावरच्या २०० टनांत सुमारे ७० टन हा असा फिरता माल होता. तो पुन्हा पुन्हा मोजला जातो, विकला मात्र एकदाच जातो.

पडताळणीला महागडे यंत्र लागत नाही. प्लांट पूर्ण भरात असताना तयार मालाचा एकेक बेल्ट भरलेला थांबवायचा. त्याच क्षणी प्लांटमध्ये दगड सोडणारा फीडर बंद झाला पाहिजे, नाहीतर थांबलेल्या बेल्टवर ढीग लागतो. मुख्य स्विच पाडून कुलूप लावल्याशिवाय बेल्टला हात लावू नये. मग एक मीटर लांबीतला माल धुळीसकट खरवडून तोलायचा. किलो गुणिले बेल्टचा सेकंदाला मीटरमधला वेग गुणिले ३.६, हे झाले ताशी टन. इथे तीन बेल्टांवर ९, ६.५ आणि ७ किलो भरले, वेग १.६. एकूण २२.५ किलो, म्हणजे १२९.६ टन. परतीच्या बेल्टवर १२ किलो, म्हणजे ६९ टन. दोन्हींची बेरीज केली की विकणाऱ्याचे २०० टन मिळतात! एका मापावर विसंबू नये, तीनदा मोजून सरासरी काढावी.

चाचणीत आकडा फुगवायच्या आणखी युक्त्या आहेत. २० मिमीच्या जागी २४ मिमीची जाळी लावली की परतीचा माल घटतो, खडी मात्र जाड निघते. म्हणून जाळीचे भोक कॅलिपरने मोजावे. कोनचे सेटिंग, म्हणजे दगड चेपणारी आतली सर्वात अरुंद फट, सैल ठेवले तरी आकडा वाढतो. रिकामा कोन चालू ठेवून लांब तारेला बांधलेला शिशाचा गोळा आत सोडावा आणि चेपलेली जाडी मोजावी, तीन-चार ठिकाणी. दगड मऊ चुनखडीचा वापरला तर कठीण बेसॉल्टचा अंदाज लागतच नाही. आपला दगड, त्यातल्या मातीसकट, चाचणीला न्यावा.

लायनरचे, म्हणजे क्रशरच्या आतल्या झिजणाऱ्या अस्तराचे, मँगनीज पोलाद चुंबकाला जवळपास धरत नाही. वरचा थर थोडा धरू शकतो, म्हणून दोन-तीन मिमी घासून पाहावे. तरीही चुंबक घट्ट चिकटले तर ते मँगनीज पोलाद नव्हे, तो लायनर नाकारावा.

या करारात ‘क्षमता ताशी २०० टन’ एवढेच लिहिले होते, त्यामुळे दाद मागायला जागाच उरली नाही. दगडाचा प्रकार, कोनचे सेटिंग, जाळीची भोके, ‘परतीचा माल वगळून फक्त तयार मालाच्या बेल्टांची बेरीज’ आणि आपल्या जागेवर सलग ८ तासांची चाचणी, हे सगळे करारात हवे. शेवटचा हप्ता त्या चाचणीनंतरच द्यावा.