जुनी हार्ड डिस्क: तिच्यावरूनच बूट करायचं की फक्त डेटासाठी ठेवायची?

लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून नवा पीसी जोडला, की जुन्या डिस्कचा प्रश्न येतो. तिच्यावरचंच विंडोज चालवलं तर सगळी प्रोग्रॅम्स पुन्हा टाकायची कटकट वाचते. विंडोज १० किंवा ११ नवे ड्रायव्हर बहुधा स्वतःच शोधतं. पण डिस्क एमबीआर पद्धतीची (डिस्कच्या विभागांची नोंद ठेवायची जुनी रीत) असेल, तर निव्वळ यूईएफआयवाला (जुन्या बायोसच्या जागी आलेली, पीसी सुरू करणारी यंत्रणा) मदरबोर्ड तिच्यावरून विंडोज सुरूच करत नाही. शिवाय जुन्या पीसीसोबत आलेलं विंडोजचं ओईएम लायसन्स (त्याच पीसीला बांधलेला परवाना) नव्या मदरबोर्डला लागू होत नाही. वेगाचं तर विचारूच नका: ७२०० आरपीएमची डिस्क सेकंदाला साधारण दीडेकशे एमबी वाचते, स्वस्तातली एनव्हीएमई एसएसडीही (फिरते भाग नसलेली, जलद जोडणीची चिप-डिस्क) हजाराच्या वर. मी तरी एसएसडीवर कोरं विंडोज टाकून जुनी डिस्क फोटो-गाण्यांपुरतीच जोडेन. जुन्या डिस्कला बिटलॉकर (विंडोजचं डेटा कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन) लावलेलं असेल तर ते उघडणारी रिकव्हरी की आधीच लिहून घ्या.