केबलवाल्याचं फायबर, कंपनीचं फायबर की ५जी एअरफायबर: वेगवान नेटची वाट बघताना काय घ्यावं

महाराष्ट्रातल्या शहरांत आणि तालुक्याच्या गावांत घरच्या इंटरनेटसाठी आता साधारण तीन दारं उघडी आहेत. वर्षानुवर्षं टीव्हीची केबल देणारा आपल्या भागातला केबलवाला आता नेटही देतो. मोठ्या दूरसंचार कंपन्यांचं फायबर डक्टमधून वर येतंय. आणि वायर जिथे पोचत नाही तिथे गच्चीवर किंवा खिडकीबाहेर रेडिओ युनिट लावून ५जीवरचं एअरफायबर मिळतं. तिघांच्याही पत्रकावर "लवकरच आणखी वेग" हे असतंच. म्हणून प्रश्न दोन: आत्ता घ्यायचं की थांबायचं, आणि घ्यायचं तर कुणाचं?

आमचं मत आधीच सांगतो. प्लॅनवरचा एमबीपीएसचा आकडा सगळ्यात शेवटी बघा. आधी बघा, शेवटच्या शंभर-दोनशे मीटरमध्ये तुमच्या घरापर्यंत नेमकं काय येतंय आणि ते तुटलं तर दुरुस्तीला कोण येणार. बहुतेक तक्रारींचं मूळ याच टप्प्यात असतं.

घरात शिरणारी वायर ओळखा

केबलवाला "फायबर" म्हणतो तेव्हा त्याचे तीन वेगळे अर्थ असू शकतात. फायबर नाक्यापर्यंत असेल, इमारतीपर्यंत असेल किंवा खरोखर तुमच्या हॉलपर्यंत असेल. त्याला विचारण्यापेक्षा शेजाऱ्याकडे जाऊन त्याच्या डब्यात शिरणारी वायर बघा.

टोकाला नटासारखा फिरवून बसवायचा एफ कनेक्टर आणि मधोमध उघडी तांब्याची तार दिसली, तर ती टीव्हीचीच कोअ‍ॅक्स केबल आहे आणि तिच्यावर डॉक्सिस पद्धतीचा मोडेम चालतो. डाउनलोडला ती बरी असते. अपलोडला मात्र जागाच कमी: आपल्याकडच्या जुन्या जाळ्यांत वर जाणाऱ्या सिग्नलसाठी साधारण ५ ते ६५ मेगाहर्ट्‌झ एवढाच पट्टा असतो, आणि त्या भागातल्या सगळ्या घरांचा विजेचा कचरा त्याच पट्ट्यात गोळा होतो. तिसऱ्या मजल्यावरच्या कुणाचा कनेक्टर सैल झाला तर त्रास सातव्या मजल्यावरच्यालाही होतो. पावसाळ्यात गच्चीवरच्या स्प्लिटरचा एफ कनेक्टर उघडून बघा, आत हिरवट-पांढरी बुरशी धरल्यासारखा गंज दिसतो. तेवढ्यानंही मोडेम दिवसातून दहा वेळा सुटतो. आणखी एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. वाटेतल्या अ‍ॅम्प्लिफायरला वीज लागते. तो बाजूच्या इमारतीच्या जिन्यात असेल आणि तिथली वीज गेली, तर तुमच्या घरात वीज असूनही नेट बंद.

पारदर्शक प्लॅस्टिकचा आठ पिनांचा आरजे-४५ प्लग असेल, तर फायबर गच्चीवरच्या किंवा जिन्यातल्या स्विचपर्यंतच आहे आणि तिथून खाली लॅनची वायर आली आहे. ही व्यवस्था नीट केलेली असली तर वाईट नाही, पण तिचे तीन ठरलेले दोष आहेत. स्विचपासून घरापर्यंतची लांबी १०० मीटरच्या आत हवी. आठही तारा जोडलेल्या हव्यात: चारच तारा लागल्या असतील किंवा एखादी जोडी आत तुटली असेल, तर पोर्ट १००० ऐवजी १०० एमबीपीएसवर येतो आणि २०० च्या प्लॅनवर तुम्हाला कायम ९४-९५ एवढंच दिसतं. हा आकडा दिसला की प्लॅनवर शंका घेऊ नका, प्लग बदलून घ्या. आणि तिसरा दोष वळवाच्या पावसाचा. गच्चीवरून लोंबणाऱ्या तांब्याच्या वायरीतून विजेच्या कडकडाटात झटका येतो आणि स्विचचा व राउटरचा पोर्ट एकदमच जळतो. काचेच्या फायबरमधून असा झटका येत नाही.

बारीक चपटी काळी वायर आणि टोकाला हिरवा किंवा निळा चौकोनी प्लग, तर ते खरं घरापर्यंतचं फायबर.

कोअ‍ॅक्सवर नवी जोडणी आता घेऊ नये असं आम्हाला स्पष्ट वाटतं. लॅनची वायर दुसरा पर्याय नसेल तरच. यापुढची तुलना खऱ्या फायबरची आणि एअरफायबरची.

केबलवाल्याचं फायबर आणि कंपनीचं फायबर

काच दोघांची सारखीच. फरक तिच्या दोन टोकांना असतो.

मोठ्या कंपन्या जीपॉन (एकाच फायबरवरून अनेक घरांना नेट वाटायची पद्धत) वापरतात: एका पोर्टमधून खाली सुमारे २.५ जीबीपीएस, वर १.२५, आणि तो पोर्ट ३२ किंवा ६४ घरांत वाटलेला. लहान ऑपरेटर पुष्कळदा त्याच कामाचं स्वस्तातलं ईपॉन बसवतात. त्यात दोन्ही दिशांना प्रत्येकी १ जीबीपीएसच, तेही ६४ घरांत. १०० एमबीपीएसच्या प्लॅनना हे सहज पुरतं, कारण सगळे एकाच क्षणी डाउनलोड करत नाहीत. पण त्याच पोर्टवर ३०० आणि ५००चे प्लॅन विकले की रात्री नऊ ते अकरा ओढाताण होते. म्हणून केबलवाल्याला त्याच्याकडच्या मुख्य यंत्राबद्दल, म्हणजे ओएलटीबद्दल, एवढंच विचारा: "ओएलटी ईपॉन आहे की जीपॉन, आणि एका पोर्टवर किती कनेक्शन?" जाणकार ऑपरेटर सरळ उत्तर देतो.

दुसरं टोक म्हणजे त्याची बाहेर जाणारी लाइन. यूट्यूबसारख्या सेवांचा साठा बऱ्याच ऑपरेटरांकडे जवळच्या सर्व्हरवर असतो, त्यामुळे व्हिडिओ फर्रकन चालतो. ऑफिसच्या व्हीपीएनवर मात्र रखडपट्टी. स्पीडटेस्टही आपोआप ऑपरेटरच्याच सर्व्हरवर जाते आणि पूर्ण आकडा दाखवते. खरी परीक्षा अशी करा: शेजाऱ्याच्या घरी लॅपटॉप लॅन वायरनं राउटरला जोडा, रात्री साडेनऊला स्पीडटेस्टमध्ये दुसऱ्या कंपनीचा मुंबईतला सर्व्हर निवडा, मग सिंगापूरचा निवडा. पहिल्यात प्लॅनच्या ८० टक्के आणि दुसऱ्यात निम्म्याहून जास्त आलं तर लाइन चांगली समजा. वायफायवर घेतलेला आकडा या कामाला चालत नाही.

अपलोड दोघांकडे विचारून घ्या. घरापर्यंतच्या फायबरवर जेवढं डाउनलोड तेवढंच अपलोड देणारे पुष्कळ आहेत, आणि मुलांचे ऑनलाइन वर्ग, व्हिडिओ कॉल, फोटोंचा बॅकअप यांना अपलोडच लागतं.

दुरुस्तीच्या बाबतीत केबलवाला बहुधा पुढे असतो. त्याचा लाइनमन त्याच गल्लीत फिरतो, फोन उचलतो, आणि रस्ता खोदताना वायर तुटली तर संध्याकाळपर्यंत स्प्लाइस करून (जोडून) देतो. उलट त्याच्या खांबाखांबांवरून टाकलेल्या वायरी जास्त वेळा तुटतात. कंपनीचं फायबर जमिनीखालून आलं असेल तर तुटतं कमी, पण तुटलं की तिकीट नंबर घेऊन थांबावं लागतं. घरून काम असेल आणि दिवसाचा खाडा परवडत नसेल, तर जवळचा चांगला लाइनमन हा ५० एमबीपीएसच्या फरकापेक्षा मोठा, हे आमचं मत.

जाळं बाहेर कसंही असो, घरातली एक गोष्ट तुमच्या हातात आहे. ओएनटीच्या (फायबर ज्यात शिरतं त्या घरातल्या डब्याच्या) पानावर (ब्राउझरमध्ये बहुधा १९२.१६८.१.१) "आरएक्स पॉवर", म्हणजे घरापर्यंत पोचणाऱ्या प्रकाशाची ताकद, बघा. उणे १५ ते उणे २२ डीबीएम उत्तम. उणे २५च्या पुढे गेलं की काठावर, आणि उणे २७-२८ला लाल "लॉस" दिवा लुकलुकू लागतो. दर ३ डीबीला प्रकाश निम्मा होतो, एवढं लक्षात ठेवा. जोडणी नवी असूनही आकडा वाईट असेल तर तीन ठिकाणी बघा: हिरवा प्लग निळ्या सॉकेटात खुपसलाय का (हिरव्याचं टोक तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं सरळ, दोघं जुळत नाहीत), दाराच्या चौकटीपाशी वायर काटकोनात मोडलीय का, आणि फर्निचरवाल्यानं ती खिळ्यानं दाबलीय का. साध्या फायबरला सुमारे ३० मिलिमीटर त्रिज्येचं वळण लागतं. वळण सहन करणारं जी-६५७ए२ जातीचं फायबर ७.५ मिलिमीटरपर्यंत वळतं. घरात तेच टाकायला सांगा.

एअरफायबर: कुणासाठी

जिओनं एअरफायबर १९ सप्टेंबर २०२३ला, गणेश चतुर्थीच्या दिवशी, आठ शहरांत सुरू केलं. त्यात मुंबई आणि पुणे होती. एअरटेलची अशीच सेवा त्याच्या महिनाभर आधी मुंबई आणि दिल्लीत आली होती. बाहेर लावलेलं युनिट टॉवरकडून ५जी सिग्नल घेतं आणि लॅनच्या वायरनं घरातल्या राउटरला देतं.

जिथे रस्ता खोदायची परवानगी अडली आहे, बंगला एकटा आहे, किंवा अकरा महिन्यांच्या करारावर राहताय आणि मालक भिंतीला भोक पाडू देत नाही, तिथे हा चांगला पर्याय आहे. बहुतेकदा दोन-चार दिवसांत सुरूही होतो. पण फायबर मिळत असताना एअरफायबर घेऊ नये. कारणं मोजकी आहेत. टॉवरची क्षमता परिसरातल्या सगळ्या ५जी मोबाइलांबरोबर वाटली जाते. अपलोड डाउनलोडच्या मानानं फारच कमी असतं. आणि डेटाची मर्यादा वेगळी: फायबरच्या प्लॅनवर साधारण ३३०० जीबी दरमहा मिळतात, एअरफायबरवर सहसा १००० जीबी. १००० जीबी म्हणजे दिवसाला ३३. ४के चित्र तासाला सुमारे ७ जीबी खातं, म्हणजे एका टीव्हीचे साडेचार-पावणेपाच तास. घरात दोन टीव्ही असतील तर हिशोब आधीच करा.

लावताना जागेवर भांडायला लाजू नका. टेक्निशियनच्या फोनवर आरएसआरपी (सिग्नलची ताकद) आणि एसआयएनआर (सिग्नल किती स्वच्छ आहे) हे दोन आकडे दिसतात. आरएसआरपी उणे ९०च्या आसपास किंवा बरं आणि एसआयएनआर १५च्या वर असेल ती जागा घ्या. उणे १०५ला "चालेल" म्हणाला तर युनिट दोन मीटर सरकवून पुन्हा बघायला लावा. खिडकीची लोखंडी ग्रिल आणि परावर्तक काच सिग्नल खातात. कोकणात उन्हाळ्यात केलेली जोडणी पावसाळ्यात ढिली पडते त्यामागे पाऊस थोडा आणि समोरच्या झाडाला फुटलेली ओली पालवी जास्त, म्हणून युनिटसमोर झाड नसेल ती बाजू निवडा.

ग्रामीण भागात काही केबलवाले टेकडीवरच्या टॉवरवरून ५ गिगाहर्ट्‌झच्या डिशनं नेट देतात. हे पट्टे २०१८ मध्ये बरेचसे परवानामुक्त झाले. डिश समोरासमोर दिसत असेल आणि एका टॉवरवर फार घरं नसतील, तर ही जोडणी कमकुवत ५जीपेक्षा स्थिर चालते.

पुढच्या वेगासाठी थांबावं का

फायबरसाठी अजिबात नाही. जीपॉननंतरची एक्सजीएस-पॉन पद्धत दोन्ही दिशांना १० जीबीपीएस देते, आणि ती वेगळ्या तरंगलांबीवर चालते: खाली १५७७ नॅनोमीटर, वर १२७०. जीपॉनची १४९० आणि १३१०. म्हणजे दोन्ही एकाच काचेतून एकाच वेळी जाऊ शकतात. आज घातलेली वायर तशीच राहणार, बदलणार फक्त ऑपरेटरकडचं कार्ड आणि तुमच्या भिंतीवरचा डबा.

एअरफायबरचा पुढचा वेग तुमच्या टॉवरवर कंपनी काय बसवते यावर आहे, त्यासाठी आज जास्त पैसे मोजू नका. राउटरबद्दलही तेच. वायफायसाठी ६ गिगाहर्ट्‌झचा खालचा पट्टा (५९२५ ते ६४२५ मेगाहर्ट्‌झ) खुला करण्याचा मसुदा सरकारनं मे २०२५ मध्ये काढला. ३०० एमबीपीएसपर्यंतच्या प्लॅनला मात्र दोन पट्ट्यांचा वायफाय ६ राउटर पुरेसा आहे. दोन बीएचकेत तो पॅसेजमध्ये, उघड्यावर ठेवा. टीव्हीमागच्या कपाटात ठेवलेला महागडा राउटरही बेडरूमला पोचत नाही.

थांबायचं ते एकाच बाबतीत: वर्षाचा पॅक घेताना. सुरुवातीचे दोन महिने मासिक घ्या, एक जोराचा पाऊस जाऊ द्या, मग सहा किंवा बारा महिन्यांचं बघा. पत्रकावरच्या दरात १८ टक्के जीएसटी धरा. ५९९चे ७०७ होतात. ओएनटीची अनामत, जोडणीचा खर्च आणि घर बदलल्यास शिफ्टिंगचा आकार लेखी घ्या.

सीसीटीव्हीचा डीव्हीआर (रेकॉर्डिंगचा डबा) बाहेरून थेट बघायचा असेल तर राउटरचा वॅन आयपी, म्हणजे ऑपरेटरनं राउटरला दिलेला पत्ता, तपासा. तो १००.६४ ते १००.१२७ यांतला असेल तर तुम्ही सामायिक आयपीवर आहात आणि पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली जोडणी घरातल्या डब्याकडे वळवणं) चालणार नाही. स्टॅटिक आयपी (फक्त तुमचा, न बदलणारा पत्ता) घ्या किंवा कॅमेऱ्याचं क्लाउड अ‍ॅप वापरा.

वीज जाणाऱ्या भागात ओएनटी आणि राउटरला १२ व्होल्टचा मिनी यूपीएस लावा; अडॅप्टरवर लिहिलेले अँपिअर बेरीज करून तेवढी क्षमता घ्या. एअरफायबरच्या बाहेरच्या युनिटला पीओई अडॅप्टरमधून (लॅनच्या वायरीतूनच वीज पाठवणाऱ्या) वेगळ्या व्होल्टेजची वीज जाऊ शकते, तिथे तोच यूपीएस लावू नका, इन्व्हर्टरच्या सॉकेटवर घ्या. आणि कनेक्शन बंद करताना ओएनटी परत केल्याची पावती डब्याच्या अनुक्रमांकासकट मागा, नाहीतर अनामत परत मिळवताना हेलपाटे घालावे लागतात.