मुंबई हायकोर्टाची हेरिटेज टूर, सोलापूरकरांनी एकदा जाऊन याच

आमची जमिनीची केस बरीच वर्षं मुंबई हायकोर्टात होती, म्हणजे रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं निघायचं, सकाळी सीएसएमटीला उतरून चालत कोर्ट गाठायचं, पुढची तारीख घेऊन परत, असं किती वेळा केलं पण त्या बिल्डिंगकडं मान वर करून कधी बघितलंच नाही. आता 18 ऑगस्ट 2025 पासून सोलापूरचं काम हायकोर्टाच्याच कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडं गेलं, मग म्हटलं अण्णांना एकदा तारखेचं टेन्शन नसताना नेऊ. सुट्टीच्या दिवशी गाइडसोबत टूर असते, 2021 ला सुरू झालीय, ती बुक केली.

लै भारी आहे ओ! 1871 ला काम चालू झालं, 1878 ला संपलं, डिझाइन कर्नल फुलर नावाच्या मिलिटरी इंजिनिअरचं, लांबी 562 फूट. दगड आपल्या भुईकोट किल्ल्यासारखाच काळा पण कमानी टोकदार, आणि ओव्हल मैदानाच्या बाजूला वर दोन पुतळे, एक न्यायाचा एक दयेचा. अण्णा म्हणाले इतकी वर्षं आलो, दया वर उभी होती हे कोणी सांगितलंच नाही. खांबांवरचं कोरीवकाम तर जवळ जाऊनच बघा, एका ठिकाणी माकड न्यायाधीश आहे, हातात तराजू आणि पट्टी एकाच डोळ्यावर! सरकारी बिल्डिंगीत कारागिरानं हे कोरलं आणि ते दीडशे वर्षं तसंच राहिलं याचं मला फार कौतुक वाटलं.

पण खरं बघायचं ते 46 नंबरचं कोर्ट. 1908 ला टिळकांवरचा राजद्रोहाचा खटला इथंच चालला, ज्युरीतले 7 जण दोषी म्हणाले, 2 निर्दोष, सहा वर्षांची शिक्षा आणि पुढं मंडाले. मी निर्दोष आहे असं ते तिथंच म्हणाले, ते शब्द बाहेर संगमरवरावर कोरलेत. अण्णांनी टोपी काढली आणि एकेक ओळ बोट फिरवून वाचली, गाइड पुढं गेला तरी हलेनात. शिक्षेनंतर मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला, आजोबा आपल्या गिरणीत होते त्यामुळं ते ऐकताना आमच्या दोघांच्याही डोळ्यांत पाणी आलं.

म्युझियमही आहे, गांधीजींच्या वकिलीची कागदपत्रं तिथं बघायला मिळतात, वेळ ठेवून जा. ओळखपत्र बरोबर ठेवा. गुडघे दुखत असतील तर जिने हळूहळू चढा. अण्णांनी दिवाळीनंतर काकांना घेऊन परत जायचं ठरवलंय, बुकिंग मीच करणार.